पांढऱ्याचा सोस

(गुऱ्हाळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या मेळाव्यांत झालेलें भाषण)



ज्यांनीं मला येथें बोलावयास उभें केलें, त्यांनीं मला आधींच बजावलें आहे कीं, "दादा, चार गोड शब्द बोला." मी गुऱ्हाळवाला माणूस, तेव्हां गोड बोलणें हा माझा धंदाच असेल असें त्यांस वाटलें असावें. पण आज मी जें सांगणार आहें तें तुमच्यापैकीं पुष्कळांस कडू लागेल. घरीं जाऊन मला शिव्या द्याव्यात. मात्र ऐकून घेतल्यावर द्याव्यात, एवढीच विनंति.

आपल्या गांवगाड्यांत जमिनीचे दोन भाग मानीत आले आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शिवार, पिकाऊ रान. आणि पांढरी म्हणजे गांवठाण, जेथें आपलीं घरें उभीं आहेत. काळींत पिकलें तर पांढरींत चूल पेटते. या काळीस आपण आई म्हणतों आणि पेरणीआधीं तिच्या पायां पडतों. आपला पंढरपूरचा देव काळ्या पाषाणाचा. त्यास सावळा म्हणतांना संतांच्या तोंडास कधीं कंटाळा आला नाहीं. म्हणजे ज्या मातीवर जगावयाचें ती काळी, ज्या देवास आषाढींत भेटावयास चालत जावयाचें तोहि काळा. आणि असें असून या काळीच्या लेकरांस प्रत्येक वस्तु पांढरी पाहिजे! गूळ पांढरा, तांदूळ पांढरा, साखर पांढरी, अंगावरचें पांघरूण उजळ आणि घरांत येणारी सून तर दुधासारखी. हा पांढऱ्याचा सोस वाईट आहे, महाग आहे आणि आपल्याच मुळावर आलेला आहे, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

गुळापासून सुरुवात करतों, कारण तेवढ्याच गोष्टींत मला अक्कल आहे.

आमच्या कोल्हापूरकडच्या गुळाचें नांव मोठें. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी पेठ वसविली ती या गुळाच्या व्यापारास हक्काची जागा मिळावी म्हणून. गूळ कसा होतो हें शेतकऱ्यांस शिकवावयास नको, पण बाजारांतून विकत घेणाऱ्या कारागीर मंडळींसाठीं थोडक्यांत सांगतों. ऊस घाण्यांत पिळून त्याचा रस काहिलींत घेतात. खालीं चुलवाणांत वाळलेलें चिपाड जळत असतें. रस तापूं लागला कीं त्यांत रानभेंडीचा बुळबुळीत रस आणि बेताचा चुना घालतात. त्यानें मळी वर येते, ती झाऱ्यानें काढून टाकतात. पुढें रस आटत जातो, फेस चढतो आणि गुळव्या थेंबभर पाक पाण्यांत टाकून त्याची गोळी वळते कीं नाहीं तें पाहतो. गोळी वळली कीं काहील उतरावयाची. वेळ चुकली तर सगळा माल बिघडला. मग पाक वाफ्यांत ओतावयाचा, घोटावयाचा आणि निवत आला कीं साच्यांत भरून ढेप करावयाची. या सगळ्या खटाटोपांत गुळाचा रंग गुळव्याच्या हातीं थोडाच असतो. ऊस कोणत्या जातीचा, तो पिकला किती, रान चोपण कीं निचऱ्याचें, पाणी मचूळ कीं गोडें, खत किती ओतलें, यांवर बराचसा रंग ठरतो. एकाच शिवारांत दोन रानांचा गूळ दोन रंगांचा निघतो आणि खाण्यास दोन्ही उत्तम असतात.

आतां हा माल सौद्यांत जातो. तेथें ढेप फोडून पाहतात. डोळ्यानें पाहतात, बोटानें पाहतात. जिभेस लावून किती जण पाहतात तें विचारूं नका. पिवळाधमक असेल तर बोली चढते, तांबूस-काळसर असेल तर बोली बसते. जिभेचा माल, पण भाव ठरतो डोळ्यांवर! मग शेतकरी काय करील? तो हायड्रॉसचा डबा आणतो. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या धंद्यांत रंग उडविण्यास वापरतात ती वस्तु. ती काहिलींत पडली कीं काळपट पाक डोळ्यांदेखत उजळतो. तिच्यांतल्या गंधकाचा अंश गुळांत मागें राहतो आणि दमेकऱ्यांस तो बाधण्याचा संभव असतो असें डॉक्टर सांगतात. अन्नसुरक्षेच्या कायद्यानें या अंशास मर्यादा घातली आहे. पण काहिलीपाशीं रात्रीं दोन वाजतां तो कायदा मोजावयास कोण उभा असतो? मौज अशी कीं हा उसना रंग टिकतहि नाहीं. साठवणींत ढेप पुढें काळवंडूं लागते. म्हणजे सौदा होईपर्यंतच तिनें तोंड उजळ ठेवावयाचें.

बंधूंनो, मी दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाहीं. मीं स्वतः चार हंगाम ही पावडर टाकली आहे. आणि पुढचें ऐका. हंगामांत एक काहील आमची आई वेगळी काढावयास लावीत असे. तींत पावडर नाहीं, कांहीं नाहीं. तो गूळ घरच्या वर्षाच्या बेगमीचा. ती म्हणे, "आपल्या पोरांस तें नको." मग लोकांच्या पोरांचें काय, हें तिनें कधीं विचारलें नाहीं आणि मीहि विचारलें नाहीं. येथें बसलेल्या गुऱ्हाळवाल्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा वेगळा गूळ निघत नाहीं त्यांनीं हात वर करावा. ...असो. चांगलें कोणतें हें आपणांस ठाऊक नाहीं असें नाहीं. ठाऊक असून आपण पिवळा विकतों आणि काळा खातों.

यावर कोणी म्हणेल, दोष ग्राहकाचा. खरें आहे, पण ग्राहक कोण? आम्हीच कोंकणांतला तांदूळ घेतांना काय करतों? तांबड्या दाण्याचा, हातसडीचा तांदूळ पुढें ठेवला तर म्हणतों, हा गरिबाचा तांदूळ; आणि गिरणींत घासून घासून चकचकीत केलेला मागतों. जावा बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आयकमन नांवाच्या डच डॉक्टरानें पाहिलें कीं सडीक पांढऱ्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला कीं त्या पुन्हां चालूं लागतात. माणसांच्या बेरीबेरी रोगाचें मूळ त्यांतून हातीं लागलें आणि १९२९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कोंबडीस जें कळलें तें आपणांस अजून कळावयाचें आहे. मात्र एक गोष्ट येथें स्पष्ट करतों. उखळ-मुसळाचीं गोडवीं गाणाऱ्यांतला मी नाहीं. तीं गाणाऱ्या पुरुषांनीं आधीं मुसळ हातांत घेऊन चार पायली भात सडून दाखवावें. गिरण आली हें बायकांच्या खांद्यांवर उपकारच झाले. गिरणींत टरफल निघालें कीं थांबतां येतें. पुढचें घासणें हें केवळ आपल्या डोळ्यांच्या हौशीसाठीं आहे. साखरेविषयीं फार बोलत नाहीं. आमच्यांतले पुष्कळ जण साखर कारखान्याचे सभासद आहेत आणि मलाहि तेथें ऊस घालावा लागतो. एवढेंच सांगतों कीं तिचा शुभ्रपणाहि बहुधा गंधकाच्या धुरीनेंच आणलेला असतो. तो कांहीं ऊसाचा जन्मजात गुण नव्हे.

आतां घोंगडीकडे या. धनगरानें मेंढरें राखावीं, लोंकर कातरावी, घरच्या बायकांनीं सूत कांतावें, सनगरानें चिंचोक्याची खळ देऊन मागावर विणावें, अशी ही घोंगडी. आपल्या दख्खनी मेंढराची लोंकर काळी आणि राठ. पावसांत ती पाणी झाडते, थंडींत ऊब देते आणि देवापुढें, लग्नांत, भंडाऱ्यांत तिला मान आहे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेंत ती खांद्यावर टाकून मिरवावयाची आणि घरीं आल्यावर खुंटीस टांगून गिरणीचें मऊ, उजळ, फुलाफुलांचें पांघरूण घ्यावयाचें! पाहुणा आला आणि त्यास घोंगडी दिली तर आपणांस लाज वाटते. परिणाम काय झाला? कातरणीची मजुरी सुटत नाहीं म्हणून कित्येक ठिकाणीं धनगर लोंकर फेकून देतात आणि सनगराच्या पोरांनीं माग मोडून दुसरा धंदा धरला. राठ लोंकर टोंचते हें मी नाकारीत नाहीं. मलाहि ती टोंचते. पण ती टोंचते म्हणून आपण टाकली कीं काळी म्हणून टाकली, याचें उत्तर प्रत्येकानें आपल्या मनाशीं द्यावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी खरा उभा राहिलों ती बोलतों.

माझी धाकटी बहीण सावळी. ऊसतोडीपासून चुलवाणांत चिपाड घालण्यापर्यंत सगळें काम तिला येई. पाकाची गोळी तर ती भाड्यानें आणलेल्या गुळव्यापेक्षां अचूक ओळखी. तिला पहावयास मंडळी आली. त्यांनीं पोहे खाल्ले, घरच्या गुळाचा चहा घेतला, "गूळ झकास आहे हो!" म्हणून तारीफ केली. तो गूळ काळा होता बरें का! वेगळ्या काहिलीचा. आणि दोन दिवसांनीं निरोप आला कीं, "मुलगी रंगानें जरा कमी आहे." रंगानें कमी! जणू वजनांत कमी, मापांत कमी. अशीं पांच स्थळें गेलीं. प्रत्येक वेळीं ती तोंड धुऊन, पावडर लावून बाहेर येई आणि बैठक उठली कीं मागच्या पडवींत जाऊन तोंड घाशी. सहावें स्थळ जुळलें. मुलाकडच्यांनीं सांगितलें, "आम्हांस हुंडा नको, फक्त मुलास जाण्यायेण्यास मोटारसायकल पाहिजे." हुंडा १९६१ च्या कायद्यानें बंद, तेव्हां त्यास हुंडा म्हणावयाचें नाहीं. सौद्यांत काळ्या ढेपेचे पैसे कापतात. येथें ढेप तर द्यावीच लागली आणि वर मोटारसायकलहि द्यावी लागली. ती मोटारसायकल मीं कशांतून घेतली, सांगूं? त्या हंगामांतल्या पावडरीच्या गुळांतून. पावडर टाकूं लागलों तो हाच पहिला हंगाम.

तुम्ही म्हणाल, त्या माणसांवर राग काढतो आहे. तसें नाहीं. माझें स्वतःचें लग्न ठरत होतें तेव्हां मुलगी पाहून आलेल्या मामास मीं विचारलेला पहिला प्रश्न, "रंग कसा आहे?" हाच होता. मुलगी शिकली किती, बोलते कशी, तिला काय आवडतें, यांतलें कांहींएक मीं विचारलें नाहीं. माझी बायको समोर बसली आहे. काल रात्रीं हें भाषण तिला वाचून दाखविलें, तेव्हां ती म्हणाली, "मामांनीं काय उत्तर दिलें तेंहि सांगा." तर मामा म्हणाले, "रंगाचें काय, लग्नांत हळद लागली कीं उजळेल." तिची हळद उतरून वीस वर्षें झालीं आणि रंग होता तोच आहे. माझा प्रश्न मात्र तिच्या कानांवर त्याच वेळीं गेला होता, हें मला काल रात्रीं कळलें.

कातडीचा रंग म्हणजे काय? मेलॅनिन म्हणून एक द्रव्य आहे. कातडींत तें जास्त असलें कीं माणूस सावळा, कमी असलें कीं गोरा. उन्हांतल्या जंबुपार किरणांपासून तें शरीराचें रक्षण करतें. जी बाई दिवसभर रानांत राबते तिच्या अंगावर निसर्गानें घातलेली ती घोंगडीच आहे. आणि ही घोंगडी काढून टाकण्यासाठीं आपण बाजारांतून डबे आणतों! 'फेअर अँड लव्हली' नांवाचें मलम १९७५ सालीं बाजारांत आलें. २०२० सालीं त्याच्या नांवांतला 'फेअर' म्हणजे गोरा हा शब्द काढून टाकला, पण विकत घेणाऱ्याच्या डोक्यांतला तो गेला काय? त्याहून वाईट तीं बिननांवाचीं, जत्रेंत नि मोबाइलवर विकलीं जाणारीं मलमें. कांहींत पारा असतो. केरळांत मलप्पुरम जिल्ह्यांत २०२३ सालीं असलीं गोरेपणाचीं मलमें चोळून मूत्रपिंडाचा विकार जडलेले रोगी डॉक्टरांस आढळले. कांहींत स्टेरॉइड असतें. त्यानें चार दिवस तोंड उजळतें, मग कातडी पातळ पडते, तांबडी होते, पुरळ उठतें आणि मलम सोडावें तर आग आग होते. डॉक्टराच्या चिठ्ठीवांचून अशीं औषधें विकूं नयेत असा नियम सरकारनें २०१८ सालीं केला. तरी आपल्या गांवच्या दुकानांत तीं मागतांना "शेजारणीनें लावलें तेंच द्या" एवढी चिठ्ठी पुरते. हायड्रॉस आणि हें मलम यांत मला तर कांहीं फरक दिसत नाहीं. सौदा होईपर्यंत रंग टिकला म्हणजे झालें! हल्लीं तर मलमहि नको. मोबाइलमध्यें फोटो काढतांनाच चेहरा पांढरा होतो आणि तोच फोटो स्थळांकडे जातो. पुढें प्रत्यक्ष मुलगी पाहून पाहुणे चमकतात आणि मुलगी मान खालीं घालते. खोटें बोललें यंत्र, आणि मान खालीं घालावयाची तिनें!

आतां आपल्यांत एक संवय आहे. वाईट कांहीं दिसलें कीं तें धर्मग्रंथांवर नि भटभिक्षुकांवर ढकलावयाचें. ढकलण्यास जागा आहे हें मी जाणतों. 'वर्ण' या शब्दाचा अर्थच मुळीं रंग असा आहे. पण सोयरीक जमवितांना "मुलगी गोरी पाहिजे" हें कोणी भट येऊन आपल्या कानांत सांगत नाहीं. जातीजातींच्या वधूवर सूचींचीं पानें उलटून पाहा. मराठा काय, माळी काय, धनगर, साळी, कुंभार, चांभार काय, "गोरी, उंच, गृहकर्तव्यदक्ष" हे शब्द सगळीकडे तेच. जे एका पंगतीस बसण्यास का कू करतात आणि ज्यांच्यांत बेटीव्यवहाराचें नांव काढलें तर काठ्या निघतात, त्या सर्वांची एकी झालेली मीं या एकाच बाबतींत पाहिली.

आणखी एक आक्षेप येईल. आवड ती आवड. तिला कारण कसलें विचारतां? पण आवड कांहीं आईच्या पोटांतून येत नाहीं. लहान मूल काळा गूळ नि पिवळा गूळ दोन्ही सारख्याच आनंदानें चाटतें. कोणता हलका आणि कोणता भारी हें त्यास आपण शिकवितों. सावळ्या आजीच्या मांडीवर निजणाऱ्या नातीस "उन्हांत जाऊं नको, काळी होशील" हें ती आजीच सांगते.

उलट बाजूचें वेडहि मला नको आहे, म्हणून सांगून ठेवतों. हल्लीं शहरांत काळा गूळ सेंद्रिय म्हणून दामदुपटीनें मागतात. तेंहि डोळ्यांचेंच वेड! करपलेल्या पाकाचा गूळहि काळाच असतो, आणि तो कडवट लागतो. पावसांत सांपडून बुरशीनें काळी पडलेली खरिपाची ज्वारी चांगली असें मी म्हणणार नाहीं. काळें म्हणून चांगलें नव्हे आणि पिवळें म्हणूनहि चांगलें नव्हे. जिभेस लावून पाहावें, करणाऱ्यास विचारावें, मग दाम द्यावे. आणि गूळ औषध आहे असें सांगणाऱ्यांवरहि विश्वास ठेवूं नका. मधुमेह झालेल्यानें गूळहि बेतानेंच खावा.

मी काय करणार तें सांगून खालीं बसतों. गेल्या हंगामापासून आमच्या काहिलींत पावडर पडत नाहीं. सौद्यांत माझ्या मालास क्विंटलमागें तीनशें रुपये कमी मिळाले. यंदांहि कमीच मिळतील, आणि दरवर्षीं तें सोसण्याइतकी माझी ऐपत नाहीं हेंहि खरें आहे. म्हणून येथल्या कारागीर मंडळींस माझें सांगणें आहे कीं, सुतार, लोहार, कुंभार, साळी मंडळींनीं चार-चार घरें मिळून वर्षाचा गूळ सरळ गुऱ्हाळावरून न्यावा. रात्रीं काहिलीपाशीं येऊन बसा, काय पडतें नि काय पडत नाहीं तें डोळ्यांनीं पाहा, आणि सौद्याचा जो भाव असेल तो द्या. वेगळी काहील मग घरापुरती राहणार नाहीं. आणि मुलीच्या बापांस नाहीं, मुलाच्या बापांस सांगतों: पुढच्या वेळीं मामा मुलगी पाहून आला कीं त्यास दुसरा कांहीं प्रश्न विचारा. कोणता तो तुमचा तुम्ही ठरवा. माझी पुतणी यंदां लग्नाची झाली आहे, सावळी आहे, आणि तिच्या फोटोस आम्ही हात लावलेला नाहीं.

मंडपाच्या दाराशीं दोन ढेपा ठेवल्या आहेत, एक पिवळी आणि एक काळी. कोणती कुठली तें डोळे मिटल्यावर सांगतां येतें का पाहा. सुरी तेथेंच आहे.